ताट वेगळं, खिडकी बंद

या वेळचं पत्र तासगाव तालुक्यातनं आलंय. थोडं कापलंय, बाकी तिच्याच शब्दात.

"ताई नमस्कार, गावाचं नाव छापू नका म्हणजे झालं. आमचं एकत्र कुटुंब. मामा-आत्या (सासरे-सासू), थोरले भाऊजी आणि अक्का (माझी जाऊ), त्यांची दोन पोरं ११ आणि ८ वर्षांची, आम्ही दोघं आणि माझा ४ वर्षांचा मुलगा. द्राक्षाची गोडी छाटणी झाल्यापासनं अक्का खोकत होत्या, सगळे म्हणले बागेत फवारणी चालू असती तेच्यानं असंल, गावातल्या डॉक्टरनं दोनदा खोकल्याची बाटली दिली. मग वजन उतरलं, संध्याकाळचा ताप यायला लागला तेव्हा भाऊजी सांगलीला घेऊन गेले, थुंकी तपासली तर टीबी निघाला, रिपोर्टवर २+ लिहिलंय. गोळ्या चालू होऊन २० दिवस झाले. आत्यांनी त्यांची सोय मागच्या खोलीत केलीय, जिथं बागेच्या औषधाचे कॅन नि ठिबकच्या नळ्या असतात. खिडकी बंद, कारण वारं लागंल. ताट, तांब्या, कप सगळं वेगळं, त्या ताटावर रोज उकळतं पाणी ओततात, आणि त्यांना जेवण सगळ्यांचं झाल्यावर. अक्का दिवसभर रडत्यात. आशाताई आलेल्या, म्हणल्या घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, लहानग्याला गोळ्या द्याव्या लागतील, तर आत्यांनी त्यांना उंबऱ्यावरनंच वाटंला लावलं, गावभर होईल म्हणल्या, पुढं पोरीचं लग्न करायचंय. अक्काची लघवी लाल होतीय, भाऊजी म्हणतात गोळ्या गरम पडल्या, बंद करूया. मामांना शुगर आहे. माझी आई म्हणती पोराला घेऊन सहा महिने कराडला ये. मला अक्काला सोडून जायला जीव होत नाही, माझ्या बाळंतपणात त्यांनीच सगळं केलंय. आणि एक, गणपतीत अक्काच्या मुलाला कावीळ झालेली, आत्या म्हणतात तेच जंतू आता आईत शिरले. असं होतं का? काय करू सांगा."

अगं पोरी, आधी दोन कामं, हे वाचून झाल्यावर नाही, आत्ताच. भाऊजींना सांग की गोळ्या एक दिवससुद्धा बंद करायच्या नाहीत. आणि त्या खोलीची खिडकी उघड. मग निवांत बस नि वाच, मी जरा लांबण लावणार आहे कारण तुझ्या घरात भीती खरी आहे पण ती चुकीच्या दाराशी राखण करत बसलीय.

लघवीचं पहिलं सांगून टाकते म्हणजे भाऊजींचा जीव खाली पडेल. टीबीच्या गोळ्यात रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं, ते मुळातच विटकरी लाल रंगाचं, आणि ते अंगातनं बाहेर पडताना लघवी, घाम, डोळ्यातलं पाणी सगळ्याला रंग देतं. अक्का एवढ्या रडत्यात म्हणतेस ना, पदराला केशरी डाग पडलेले दिसले तर घाबरू नकोस, ते रक्त नव्हे. रंग दिसतोय म्हणजे गोळी पोटात जातीय एवढाच त्याचा अर्थ. गरम-बिरम काही नाही. खरं तर डॉक्टरनं किंवा गोळ्या देणाऱ्यानं हे पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं, एका वाक्याचं काम आहे, पण सांगत नाहीत आणि मग लोक भिऊन गोळ्या सोडतात.

मी डॉक्टर नाही हे जुन्या वाचकांना माहिताय. २८ वर्षं लॅबमध्ये काढली, त्यातली निम्मी तरी थुंकीच्या डब्या उघडण्यात गेली. त्यामुळं तुझ्या पत्रातलं ते २+ वाचल्यावर माझ्या डोळ्यापुढं थेट काचपट्टीच आली. थुंकी काचेवर पसरायची, आचेवर धरून सुकवायची, मग त्यावर कार्बोल फुक्सिन नावाचा लाल रंग ओतून खालनं वाफ येईपर्यंत गरम करायचं. मग अ‍ॅसिडनं धुवायचं. बाकी सगळ्याचा रंग धुऊन जातो, हा एक जंतू मात्र रंग सोडत नाही कारण त्याच्या अंगावर मेणासारखा जाड थर असतो. शेवटी निळा रंग द्यायचा. मग मायक्रोस्कोपखाली निळ्या रानात बारक्या लाल काड्या दिसतात, कधी एकेकट्या, कधी दोन-चार एकमेकीला चिकटून. त्या काड्या मोजायच्या. १०० फील्ड (फील्ड म्हणजे मायक्रोस्कोपमध्ये एका वेळी दिसतं तेवढं वर्तुळ) बघून एक पण नाही दिसली तर निगेटिव्ह. २+ म्हणजे एका फील्डमध्ये सरासरी १ ते १० काड्या. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) एक मिलीलिटर थुंकीत साधारण १०,००० जंतू असल्याशिवाय मायक्रोस्कोपला ते सापडतच नाहीत. तेव्हा मी तुला खोटं बोलणार नाही, गोळ्या चालू होण्याआधी अक्काच्या खोकल्यातनं जंतू बऱ्यापैकी बाहेर पडत होता.

पण कुठनं बाहेर पडत होता आणि कुठनं दुसऱ्यात शिरतो, इथंच आत्यांचं गणित चुकतंय.

प्रत्येक जंतूची वाट ठरलेली असती. कुणी पाण्यातनं तोंडावाटे येतो, कुणी डासाच्या सोंडेतनं, कुणी रक्तातनं, कुणी पुराच्या पाण्यात उतरल्यावर पायाच्या चिरेतनं. आपल्याकडं सगळ्याला मिळून एकच शब्द, 'जंतू', आणि सगळ्यावर एकच उपाय, भांडी वेगळी. टीबीच्या जंतूची वाट हवेची आहे. माणूस खोकला, शिंकला, मोठ्यानं बोलला, अगदी भजनात गायला तरी तोंडातनं बारीक तुषार उडतात. मोठे थेंब लगेच खाली पडतात, ते जमिनीवर, ताटावर, पांघरुणावर चिकटले की त्यांचा विषय जवळजवळ संपला. बारके थेंब हवेतच सुकतात आणि आतला जंतू एवढा हलका होतो, काही मायक्रॉनचा (आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरनं अंदाज घे), की तो बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतो. तो श्वासाबरोबर आत जाऊन फुप्फुसाच्या अगदी तळाशी, शेवटच्या फुग्यापर्यंत पोचला तरच त्याचं काम होतं. ताटाला चिकटलेला जंतू तिथनं उठून हवेत परत उडत नाही. एका ताटात जेवून, एक तांब्या तोंडाला लावून, हातात हात घेऊन, एकाच संडासात जाऊन टीबी होत नाही. (गायीम्हशीच्या टीबीचा एक वेगळा भाऊबंद कच्च्या दुधातनं येतो, पण दूध आपण उकळतोच, तेवढं चालू ठेवा.)

हे नुसतं पुस्तकी नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला रायली नावाच्या डॉक्टरनं टीबीच्या वॉर्डातली हवा पाईपनं वरच्या मजल्यावर नेऊन तिथं पिंजऱ्यात ठेवलेल्या गिनीपिगना सोडली. त्या बिचाऱ्या जनावरांनी पेशंटला कधी बघितलं नाही, शिवलं नाही, त्याच्या ताटात तर मुळीच जेवली नाहीत. नुसत्या हवेनं त्यांना टीबी झाला. दुसऱ्या कळपाला तीच हवा पण वाटेत अतिनील किरणांचे दिवे लावून दिली, ते वाचले. आता तूच सांग, आपल्याकडं अतिनील किरणं फुकट कुठनं मिळतात? उन्हातनं. आणि आत्यांनी नेमकं ऊन आणि वारं दोन्ही बंद करून ताटावर उकळतं पाणी ओतायला घेतलंय.

ती मागची खोली म्हणजे सगळ्यात वाईट जागा आहे. बंद खोलीत खोकलं की जंतू तिथंच साठतो, मग ताट द्यायला जो आत जातो तो तीच हवा ओढतो. वर ते औषधाचे कॅन. फुप्फुस आधीच जखमी झालेल्या बाईला कीटकनाशकाच्या वासात झोपवायचं ह्याला काय म्हणायचं मला कळत नाही. अक्काला सोप्यात आण नाहीतर पडवीत, नाहीतर ज्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या आहेत तिथं. थंडी वाजत असेल तर अंगावर घोंगडं घाल, कानाला स्कार्फ बांध, पण हवा खेळती पाहिजे. वाकळा रोज उन्हात टाका. पहिले काही आठवडे अक्कानं माणसात बसताना साधा मास्क लावायचा, खोकताना तोंडावर पदर धरायचा, थुंकी झाकणाच्या डबीत थोडं फिनेल घालून त्यात टाकायची आणि संडासात ओतायची, रस्त्यावर नि परड्यात थुंकायचं नाही. झालं, भांड्याकुंड्याचं एवढंच. ताट नेहमीसारखं विम लावून घासा आणि रॅकमध्ये सगळ्यांबरोबर ठेवा.

आता कराडचं. आईची काळजी मला कळते, मी आई असते तर मीपण हेच म्हणले असते. पण नीट विचार कर, अक्का खोकत होत्या गोडी छाटणीपासनं, म्हणजे थंडीचे दिवस, संध्याकाळी दारंखिडक्या लावून सगळे टीव्हीपुढं, तुझं पोरगं बहुतेक मोठ्या आईच्या मांडीवर. जे काय व्हायचं असेल ते त्या दोन-तीन महिन्यात होऊन गेलंय. योग्य गोळ्या चालू झाल्या की साधारण दोन आठवड्यात दुसऱ्याला लागण करण्याची ताकद एकदम खाली येते, त्यामुळं आज वीस दिवस गोळ्या खाल्लेली अक्का ही गेल्या महिन्यात टीव्हीपुढं बसलेल्या अक्कापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. घोडं निघून गेल्यावर तबेल्याला कुलूप लावायला तू कराडला निघालीयस, आणि समजा घोडं पोराच्या छातीत लपून बसलं असलं तर ते कराडला पण बरोबरच येणार. तपासणी न करता जाऊ नकोस एवढंच माझं म्हणणं. तपासणी होऊ दे, गोळ्या चालू होऊ देत, मग चार दिवस माहेरपणाला खुशाल जा, कोण नाही म्हणतंय.

ह्याच्यावर आपल्याच देशात फार मोठं काम झालेलं आहे. एकेकाळी टीबी म्हणजे सॅनेटोरियम, आपल्या मिरजेजवळ वानलेसवाडीला होतंच की, जुनी माणसं अजून सांगतात, मोकळी हवा, झाडं, माणूस महिनोन्‌महिने घरापासनं तोडलेला. १९५६ च्या सुमाराला मद्रासमध्ये डॉक्टरांनी पेशंटच्या दोन तुकड्या केल्या, एक सॅनेटोरियममध्ये, दुसरी घरीच, आणि घरं कसली तर शहरातल्या गरीब वस्तीतली, एकेका खोलीत सगळं खटलं. औषधं दोघांना सारखी. १९५९ मध्ये निकाल छापून आला, घरचे पेशंट जवळपास तितकेच बरे झाले, आणि महत्त्वाचं म्हणजे घरी राहिलेल्यांच्या नातेवाइकांना सॅनेटोरियमवाल्यांच्या नातेवाइकांपेक्षा जास्त टीबी झाला नाही. त्यानंतर जगभरातली सॅनेटोरियमं हळूहळू बंद पडत गेली. आणि आत्यांनी मात्र ६०-६५ वर्षांनी औषधाच्या खोलीत नवीन काढलंय, तेही खिडकी बंद करून.

फक्त एक गोष्ट विचारून घे. गोळ्या 'योग्य' पाहिजेत असं मी वर म्हणलं, काही जंतू रिफाम्पिसिनला दाद देत नाहीत. ते बघायला सीबीनॅट नाहीतर ट्रूनॅट नावाची टेस्ट असते, सरकारी दवाखान्यात फुकट होते. भाऊजींना फाईल घेऊन जाऊ दे आणि ही टेस्ट झालीय का, त्यात काय आलंय, एवढं विचारू दे. झाली नसेल तर करा म्हणावं.

आता आशाताई. त्यांना उद्याच्या उद्या बोलव. त्या काय म्हणल्या ते शंभर टक्के बरोबर आहे. जंतू फुप्फुसात गेला म्हणजे लगेच टीबी होतो असं नाही, बहुतेक वेळा शरीर त्याच्याभोवती भिंत बांधून त्याला झोपवून ठेवतं, आणि असा झोपलेला जंतू घेऊन जगणारी माणसं आपल्या देशात कोट्यवधी आहेत. त्यातल्या ५ ते १० टक्क्यांना पुढं आयुष्यात कधीतरी आजार होतो. मोठ्या माणसात. पण पाच वर्षांखालच्या पोराची ती भिंत कच्ची असते, त्यात आजार लवकर होतो आणि कधीकधी मेंदूपर्यंत जातो. जन्मल्यावर टोचलेली बीसीजी ह्या मेंदूच्या टीबीपासनं बरंच वाचवते, दंडावर तो व्रण असेल बघ, पण ती पूर्ण चिलखत नव्हे. म्हणून तुझ्या चार वर्षांच्याचा नंबर पहिला. आधी त्याला आजार नाही ना हे बघतात (खोकला, ताप, वजन वाढत नाही असं काही आहे का, गरज पडली तर एक्स-रे), आणि नसेल तर झोपलेला जंतू उठू नये म्हणून प्रतिबंधाच्या गोळ्या देतात. सहा महिने रोज एक औषध किंवा आठवड्यातनं एकदा असे बारा डोस, कुठलं ते वय नि वजन बघून डॉक्टर ठरवतील. दोन मोठ्या पोरांची, तुमची दोघांची, आत्यांची, सगळ्यांची तपासणी. आणि मामांना अजिबात सोडू नकोस, शुगर असलेल्या माणसाला टीबी व्हायची शक्यता दुप्पट-तिप्पट असते आणि हीच माणसं 'मला काय धाड भरलीय' म्हणत घरात बसतात.

थुंकी द्यायची वेळ आली तर सकाळी उठल्या उठल्याची, चूळ भरून, खोल खोकून काढलेली. लाळ नको. माझं अर्धं आयुष्य लोकांची लाळ बघण्यात गेलं, वरनं रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून पेढे वाटणारे पण बघितलेत.

कावीळ. नाही गं, ते जंतू आईत शिरले नाहीत. पोराला गणपतीत झालेली कावीळ ही बहुतेक हिपॅटायटिस ए नाहीतर ई विषाणूची, ती वस्तूच वेगळी. टीबीचा जंतू हा बॅक्टेरिया, आणि भलता आळशी, एकाचे दोन व्हायला १५ ते २० तास घेतो. हगवणीतला ई-कोलाय हेच काम २० मिनिटात करतो. ह्या आळशीपणामुळंच टीबी सावकाश चढतो, म्हणून खोकला महिने-महिने 'फवारणीचा' वाटतो, आणि म्हणूनच गोळ्या सहा महिने खाव्या लागतात, कारण औषध जास्त करून जागा होऊन वाढणाऱ्यालाच गाठतं, झोपलेले दडून राहतात. काविळीचा विषाणू त्याहून कितीतरी बारका, साध्या मायक्रोस्कोपला दिसतच नाही, आणि त्याची वाट मैल्यातनं पाण्यात, पाण्यातनं तोंडात. तोंडात गेल्यापासनं डोळे पिवळे व्हायला दोन ते सहा-सात आठवडे लागतात, म्हणजे गणपतीतल्या काविळीचं पाणी पोरानं श्रावणात नाहीतर त्याच्या आधीच पिलंय. गटारीशेजारनं गेलेली फुटकी पाईप, पावसाळ्यात टाकीत मुरलेलं पाणी, शाळेबाहेरची बर्फाची कांडी, काहीही असू शकतं.

आणि इथं मला तुझ्या पत्रातली एक गोष्ट खटकली, तू न लिहिता सांगितलेली. घरात रोज पाणी उकळतं, पण ते ताटावर ओततात. पिण्याचं उकळता का? तू काही लिहिलं नाहीस. मी पैज लावते नाही उकळत. म्हणजे ज्या वाटेनं टीबी येतच नाही तिथं उकळतं पाणी, आणि ज्या वाटेनं कावीळ खरंच घरात आली तिथं टाकीतलं तसंच. तोच गॅस, तेच पातेलं, नुसतं फिरवायचंय. खदखदून एक मिनिट उकळलं तरी पुरतं, नाहीतर क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास ठेवायचं. आणि संडासनंतर साबण, पोरांच्या मागं लागून. २०१९ च्या महापुरात मी एका शाळेतल्या छावणीत होते, तिथं वासाला भिऊन सगळ्यांनी नाकाला रुमाल बांधलेले आणि पाणी मात्र दिसेल त्या नळाचं पीत होते. पुराच्या घाण वासानं कुणाला कावीळ होत नाही, पण डोळ्याला नि नाकाला जे कळतं तेच माणूस खरं धरतो.

काविळीला माळ घातली असेल ना गळ्यात? घातलीच असेल. ती माळ वाढत वाढत खाली येते आणि कावीळ उतरली म्हणतात. काड्या वाळतात, गाठी सैल पडतात, माळ लांब होते, आणि ए नि ई ची कावीळ बहुतेकांची चार-सहा आठवड्यात आपली आपण बरी होत असते, श्रेय माळेला. एरवी मी त्यावर फार भांडत नाही. पण आता सांगते, अक्काच्या बाबतीत माळ अजिबात नको. टीबीच्या काही गोळ्या कधीकधी यकृताला त्रास देतात. डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना एकदम गेली, सारख्या उलट्या व्हायला लागल्या तर त्याच दिवशी जिथनं गोळ्या चालू आहेत तिथं गाठायचं, गोळ्यांचं काय करायचं ते त्यांनी सांगायचं, माळवाल्यानं नाही आणि भाऊजींनी पण नाही. नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखू येईना तरी तसंच. अजून एक बायकांच्यातलं, अक्का पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असतील तर रिफाम्पिसिनमुळं त्यांचा भरवसा राहत नाही, दुसरं साधन वापरायला सांग. हे पुरुष डॉक्टरला विचारायला त्या लाजतील म्हणून मी लिहिते.

सगळ्यांचं झाल्यावर जेवण, हे वाचून मला राग आला. लपवत नाही. झारखंडमध्ये मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला, टीबीच्या पेशंटच्या घरच्या दहा हजारावर माणसांचा. निम्म्या घरांत घरच्या माणसांना जादा धान्य नि डाळ दिली, बाकीच्यांना नाही. जिथं दिलं तिथं नव्या टीबीचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांनी कमी झालं. डाळ-तांदळानं! तेव्हा अक्कालाच नाही, पोरांना पण उसळ, अंडी, शेंगदाण्याची चटणी, दूध नीट मिळू दे. अक्काला गरम जेवण, पहिल्या पंगतीत. वजन दर महिन्याला करून वहीत लिही. आणि सरकार पेशंटला खाण्यासाठी महिन्याला १००० रुपये देतं (आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासनं वाढवले), ते बँक खात्यात येतात. त्याचा फॉर्म कोण भरणार? ज्यांना आत्यांनी उंबऱ्यावरनं परत पाठवलं त्याच.

आत्यांशी भांडू नकोस. त्या दुष्ट नाहीत, त्यांनी त्यांच्या लहानपणी टीबीनं माणसं गेलेली बघितली असणार, तेव्हा गोळ्या नव्हत्या नाहीतर पोचल्या नव्हत्या, वेगळं ताट एवढंच हातात होतं. मी तरी कुठली शहाणी. नोकरीला लागून चार वर्षं झालेली, रोज ह्या लाल काड्या मोजायचे, आणि माझ्या सख्ख्या मामाला टीबी झाला तेव्हा आईनं त्याचा कप वेगळा ठेवला तर मी गप्प बसले. मला माहीत होतं. तरी गप्प बसले, वर तो कप मी कधी उचलला नाही. मामा बरा झाला, नंतर वीस वर्षं जगला, पण आमच्याकडं चहा प्यायला आला की हळूच म्हणायचा, "माझा तो कान तुटलेला कप आहे का गं?" म्हणून तू एक कर, उद्या जेवायला अक्काशेजारी बस, उघड्या पडवीत, नि काही न बोलता त्यांच्या ताटातली एक भाकरी मोडून घे. पोरं बघतील. आत्या बघतील. दोन दिवस घरात धुसफूस होईल, होऊ दे. मग आत्यांना काम दे, वाकळा उन्हात टाकायचं आणि सकाळी सगळ्या खिडक्या उघडायचं, त्यांना घरात शिस्त लावायला आवडते असं पत्रावरनं दिसतंय, ती योग्य जागी लागू दे.

गावभर व्हायचं म्हणशील तर आशाताईंना गावातलं काय माहीत नसतं? त्या आल्या म्हणून कळत नाही, खोकल्यानं आधीच कळलेलं असतं. फारच नको असेल तर तू पोराला घेऊन उपकेंद्रात जा, नाहीतर १८००११६६६६ ह्या नंबरवर फोन कर, टीबीसाठीचाच आहे, पैसे पडत नाहीत. आणि पोरीच्या लग्नाचं म्हणत असतील तर ती ११ वर्षांची आहे, अक्काच्या गोळ्या सहा महिन्यात संपतील.

दोन महिने झाले की थुंकी परत तपासतात, तो रिपोर्ट मला कळव. तोवर महिनाभरातच अक्काला बरं वाटायला लागेल, ताप जाईल, भूक लागेल आणि मग सगळे म्हणतील आता कशाला गोळ्या. तेव्हा हे पत्र परत काढून भाऊजींना वाचून दाखव, लघवीच्या भागापासनं.

खिडकीची बिजागरी गंजली असेल. आधी थोडं गोडेतेल सोड नि तासभर थांब, जोर लावून ओढू नकोस, काच फुटंल.